आशेरचा हात

"बोटं पसर," आई म्हणाली, आणि चुलीतली चाळलेली राख तिने माझ्या तळहातांवर ओतली.

आम्ही दोघं परसात केळीच्या आळ्याशी बसलो होतो. दरफळणीच्या सणाची आदली दुपार. लिंबाची फोड राखेत बुडवून आई माझे हात घासत होती, पितळी तांब्या घासावा तसे. नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेघा, मनगटावरचे काळपट डाग, काही म्हणून तिने सोडलं नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाशी आली की मात्र तिचा जोर आपोआप कमी होई. त्या बोटाला वरचं पेर नव्हतं.

"आई, पुरे आता. कातडी निघेल."

"निघू दे. तेलाचा वास गेला पायजे. उद्या समदी पांढरंफेक नेसून येतील. तुजा हात धरायचा नि मग धोतराला बोटं पुसायची, असं माज्या डोळ्यांदेखत नाय व्हायचं."

"तू आत कुठे असणार? तू तर खिडकीबाहेर."

"खिडकीतनं दिसतं समदं," ती म्हणाली आणि लिंबाची दुसरी फोड उचलली.

हे साधारण बासष्ट सालातलं. मी पंचविशीत होतो. रेवदंड्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला, शिरवली नावाच्या आमच्या गावात तेव्हा बेने इस्राएलांची पंधरा-वीस घरं होती. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाची मुलं, याकोबाची लेकरं. गाव आम्हाला शनवार तेली म्हणे, कारण शनिवारी आमचे घाणे बंद असत. खरं तर घाणा असा एकच उरला होता आणि तो मी चालवत होतो. बाकीच्यांची मुलं शिकून मुंबईला कारकून झाली होती आणि आता तिथूनही सामान बांधत होती. इस्राएल नावाचा देश झाल्यापासून एकेक घर निघून चाललं होतं.

समाजाचे मुकादम अब्राहामजी शिरवलीकर. ते माझे वडील. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी कधी बोलून दाखवत नसे. त्यांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा माझी आई, गंगू, खाडीपलीकडच्या आगरी वाडीतून त्यांच्या घरी कामाला आली. बायको गेली. आई राहिली. मुकादमांनी तिला घाण्यामागे एक खोली बांधून दिली. लग्न केलं नाही. मी जन्मलो तेव्हा दार लावून आठव्या दिवशी माझी सुंता केली आणि नावही त्यांनीच ठेवलं. याकोबाला बारा मुलगे होते. त्यांतला आशेर दासीच्या पोटचा. पुढे त्याच्या वंशाला आशीर्वाद मिळाला, की त्याचे पाय तेलात बुडालेले असोत. माझं नाव ठेवताना मुकादमांच्या मनात दासी होती की तेल होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

अशा, बाहेरच्या बाईच्या पोटी जन्मलेल्या माणसांना आमच्यात 'काळे इस्राएल' म्हणत. रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. माझा सावत्र भाऊ रूबेन माझ्यापेक्षा चांगला दोन छटा सावळा होता. तो गोरा इस्राएल. आमच्या प्रार्थनाघराला गाव मशीदच म्हणे. तिथे आम्हा काळ्यांसाठी दाराकडचं शेवटचं बाक होतं. मनुकांच्या शरबताचा पेला सगळीकडे फिरून झाला की आमच्याकडे येई, आणि हातबोशी आमच्यापर्यंत येतच नसे.

हातबोशी म्हणजे शांतीचा हात. प्रार्थना संपली की मुकादम दोन्ही हात पुढे करत. शेजारचा माणूस आपला हात त्यांच्या तळव्यांमध्ये ठेवी. क्षणभर धरून सोडायचा, मग दोघांनीही आपापल्या बोटांची टोकं ओठांना लावायची. तो पुढच्याला देई, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि मुकादमांचा हात असा साऱ्या मशिदीत फिरे. शेवटून दुसऱ्या बाकावर कोणीतरी बोटं ओठांना लावून खाली बसे, आणि तिथे तो संपे.

त्या वर्षी रूबेन त्यांना न्यायला आला होता. सणानंतर आठवड्याभरात मुंबईला आणि तिथून बोटीने त्या नव्या देशाला. मुकादमांना मोतीबिंदूने ग्रासून तीनेक वर्षं झाली होती, पण दुपारी काठी टेकत ते घाण्याशी यायचे आणि माझ्याजवळ ओंडक्यावर बसायचे. घाण्याच्या करकरण्यावरून तीळ किती रगडला गेला ते त्यांना कळे. लहानपणी मी त्याच घाण्यात बोटाचं पेर गमावलं होतं. उखळात फिरणाऱ्या लाकडी लाटेखाली सापडलं. तेव्हा मुकादमांनी आपल्या धोतराचा पदर फाडून, हळद भरून ते बांधलं, आणि जखम भरेपर्यंत रोज संध्याकाळी येऊन स्वतः पट्टी बदलली. पट्टी बदलताना ते काही बोलत नसत. मीही रडत नसे.

तर महिनाभरापूर्वी आईने त्यांना तिथेच, घाण्याशी, गाठलं होतं.

"तुमी चाललात," ती म्हणाली. "याला घेऊन जा."

"गंगू, तिकडे नेणं माझ्या हातात नाही."

"मुंबईचे लोक येऊन इचारतात ना, तुमच्या गावात आपले कोण-कोण म्हणून? मुकादम सांगेल तो आपला. मग हाय की तुमच्याच हातात."

बैल फिरत होता. मुकादमांनी काठी ओंडक्याला टेकवली. मग हात पुढे करून म्हणाले, "आशेर, इकडे ये." मी हात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हसले. "आंधळ्याला आणखी काय लागतं. शंभर माणसांत ओळखेन." मग आईकडे तोंड करून म्हणाले, "दरफळणीला माझा हात दाराकडच्या बाकापर्यंत जाईल. मी स्वतः नेईन. मग कोणाला विचारायची गरज राहणार नाही."

"मी गेलो की तू एकटीच राहशील," मी तिला त्या संध्याकाळी म्हणालो.

"मी कवा एकटी नव्हते?" ती म्हणाली. एवढ्यावर तो विषय तिने संपवला.

सणाच्या त्या आदल्या दुपारी राखेचे हात धुऊन मी घाण्याशी गेलो तेव्हा रूबेन तिथे उभा होता. पँट, बूट, खिशाला पेन. बैलाकडे तो जपून बघत होता.

"घाणा बंद केलास?"

"उद्या दरफळणी, रूबेनशेट."

"हो." तो ओंडक्यावर बसला नाही, पण त्याने ओंडक्यावर पाय ठेवला. "बाबा उद्या तुला हात देणार म्हणतात."

"तुम्हाला बोलले?"

"अख्ख्या गावाला बोललेत. आशेर, तू उद्या येऊ नकोस. ताप आला म्हण."

"दरफळणीलाच ताप? देव म्हणेल, बरा मुहूर्त बघून आला."

तो हसला नाही. "मी भांडायला आलेलो नाही. ऐक. आमच्या ऑफिसातला एक जण गेल्या साली तिकडे गेला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. तर तिथले धर्मगुरू विचारतात, तुमची आजी कोण, तिची आई कोण, तिच्या आधीची कोण. म्हणे कोकणातल्या लोकांत भेसळ आहे. हे आम्हाला विचारतात. आम्हाला."

त्या शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज चिरकला. मला खरं तर त्याची दया यायला हवी होती.

"म्हणजे दाराकडचं बाक तिकडेही आहे," मी म्हणालो.

त्याने पाय खाली घेतला. "मला दोन मुली आहेत. मिल्का यंदा अठराची होईल. बाबांनी भर मशिदीत तुझा हात धरला, की मुंबईला कळेल, मुंबईहून तिकडे कळेल. मुकादमाच्या घरातच भेसळ. मग त्या पोरींना कोण विचारणार?"

"मला आज कोण विचारतं?"

"हा घाणा, बैल, खोली, सगळं तुझं राहील. मी कधी हक्क सांगणार नाही."

"घाणा तुम्ही बोटीत घालून नेणार होतात का?"

त्याच्या कपाळावर घाम होता. लहानपणी एकदा, फक्त एकदा, मी त्याला दादा म्हटलं होतं, आणि त्याने इकडेतिकडे बघून मला 'ओ' दिली होती. ते त्याला आठवत असेल का, असं मला वाटून गेलं.

"तुम्ही त्यांनाच का नाही सांगत," मी म्हणालो, "की हात देऊ नका म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"काही बोलले नाहीत," रूबेन म्हणाला. "मुलींची नावं काढली तेव्हा जेवता जेवता उठले."

दरफळणी म्हणजे दारं बंद करण्याचा दिवस. आदल्या सूर्यास्तापासून उपास. पाणीही नाही. बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. आमचे जुने लोक मानत की त्या दिवशी वाडवडिलांचे आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात. मला आईचा स्पर्शही त्या दिवशी चालत नसे, ती बाहेरची. पहाटे मी निघालो तेव्हा तिने अंतरावर उभं राहून मला नुसतं पाहिलं. धोतर नवं होतं. हात पांढरे, सोलल्यासारखे दिसत होते.

मशिदीत दाराकडच्या बाकावर मी आणि म्हातारे एलोजी असे दोघेच होतो. एलोजींनी नाक वर केलं.

"लिंबाचा वास कुठून येतोय रे? उपासाच्या दिवशी?"

"गप्प बसा, काका."

"नवरदेवासारखा घासून आलायस. बरं आहे. माझी सत्तर वर्षं या बाकावर गेली. हात आलाच तर मलाही ढकलून दे थोडा."

दिवसभर प्रार्थना चालल्या. दुपारी उभं राहताना मला भोवळ आली. एलोजींनी मला कोपराने सावरलं. संध्याकाळी खिडकीच्या गजांशी लुगड्याचा हिरवा पदर दिसला आणि तिथेच राहिला. मग मेंढ्याच्या शिंगाचा शोफार वाजला. सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मुकादमांनी दोन्ही हात पुढे केले.

पहिला हात प्रार्थना चालवणाऱ्या हजान सामसनजींचा. मग मुकादम उठले. मशिदीत कुजबूज झाली. एरवी ते जागचे हलत नसत. रूबेनच्या खांद्यावर हात ठेवून ते बाकांमधून चालू लागले आणि एकेकाचा हात आपल्या हातात घेऊन त्याचं नाव सांगू लागले. आंधळे झाल्यापासून त्यांना तो छंदच जडला होता. "झिराडकर. हाताला शाई." "हा दाऊद. अजून नखं खातोस?" "हा कोण? तळकरांचा जावई. हात बाईसारखा मऊ, काहीतरी काम बघ बाबा." लोक हसत होते. दिवसभराच्या उपासानंतरचं ते हलकं हसू होतं. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या माणसाने बोटं ओठांना लावली आणि सवयीने खाली बसला.

मुकादम थांबले. "पुढे?"

"पुढे दार आहे, बाबा," रूबेन म्हणाला.

"दाराच्या अलीकडे बाक आहे. मीच करून घेतलंय ते. आशेर?"

"इथेच आहे, मुकादम," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी माझा उजवा हात त्यांत ठेवला. त्यांचे तळवे उपासाने कोरडे आणि गरम झाले होते. हसू थांबलं होतं. त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला, मग एकेका बोटावरून, आणि मधल्या बोटाशी थांबला. तिथे, जिथे बोट संपत होतं, तिथे त्यांनी अंगठा टेकवला आणि किंचित दाबला. पूर्वी पट्टी बसली की नाही ते बघायला दाबत तसाच.

"हा हात कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"आशेरचाच, मुकादम," सामसनजी मागून म्हणाले.

"आवाज आशेरचा आहे." तोराहची पोथी वाचावी त्या संथ सुरात, साऱ्या मशिदीला ऐकू जाईल असं ते म्हणाले. "हात दुसऱ्या कोणाचा आहे. आशेरचा हात तेल्याचा. याला तेलाचा वाससुद्धा नाही. आंधळ्या माणसाची थट्टा करू नये. निदान आजच्या दिवशी."

आंधळ्या इसाकाला धाकट्या मुलाने, याकोबाने, हातांना करडाचं केसाळ कातडं बांधून, थोरल्याचे हात म्हणून कसं फसवलं, ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला पाठ होती. कोणीतरी पसंतीने मान हलवली. कोणीतरी हुंकार दिला. मुकादमांनी माझा हात सोडला. त्यांनी बोटं ओठांना लावली नाहीत. दोन्ही हात मागे घेऊन ते रूबेनच्या खांद्यावर ठेवले आणि वळले.

रूबेन मात्र हलला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता, त्या बोटाकडे. मग त्याने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते असं मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"चल," मुकादम त्याला म्हणाले.

माझा हात अजून पुढेच होता. एलोजींनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, सोडला, आणि आपली बोटं ओठांना लावली. "बस खाली," ते म्हणाले. "माणसं बघतायत."

घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"समदं ऐकलं मी," ती म्हणाली. "राखेनं घात केला. मीच केला. तुजा हात होता तसा राहू दिला असता, तर त्यांनी वळखला असता." ती कपाळ बडवून घेत नव्हती, रडतही नव्हती, चुकलेला हिशेब पुन्हा मांडावा तसं बोलत होती. "आंधळा मानूस. त्याला वासाबिगर काय हाय. नि मी लिंबू चोळलं. सांग, राखेनंच ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. त्या माणसाखेरीज तिच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं.

"राखेनंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा. रूबेनच्या बायकोने, सिपोराने, वाडीतल्या घरोघर पुऱ्या वाटल्या. केळीच्या पानात बांधलेली एक पुडी आमच्याही उंबऱ्यावर ठेवून ती गेली. आईने ती उघडली, अर्धी माझ्यापुढे सारली आणि उरलेली अर्धी खाल्ली. मी खाल्ली नाही. आठवड्याने त्यांची बैलगाडी घाण्यावरून गेली. मुकादम मागे बसले होते, तोंड रस्त्याकडे. घाणा चालू होता. त्याचा आवाज त्यांना ओळखू आला असणार. गाडी थांबली नाही.

तिकडे गेल्यावर दोन वर्षांनी मुकादम वारले, असं कोणीतरी सांगत आलं. मिल्काचं लग्न झालं का, हे मला कधी कळलं नाही. पुढच्या दहा वर्षांत गाव रिकामं झालं. एलोजी गेले. मशिदीची किल्ली द्यायला दुसरा कोणी उरला नाही म्हणून सामसनजी जाताना ती माझ्याकडे देऊन गेले. ती अजून माझ्याकडे आहे. मी आत झाडतो. आता कुठल्याही बाकावर बसता येतं.

त्या दरफळणीनंतर आईने भांड्यांना राख लावली नाही. चुलीतली राख ती रोज नेऊन माडाच्या मुळाशी ओती आणि भांडी माती-काथ्याने घाशी. मातीने तिची बोटं फुटत, हिवाळ्यात रक्त येई. तिने स्वतःला दिलेली ती शिक्षा आहे असं मी धरून चाललो होतो. तिचं कारण खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पण ती मोडायची तर खरं सांगावं लागलं असतं.

शेवटच्या आजारात तिचे तळवे फार जळजळत. एका संध्याकाळी मी तिच्या हातांना खोबरेल चोळत होतो. तिने माझा हात धरला. तिचा अंगठा माझ्या बोटांवरून सावकाश गेला आणि मधल्या बोटाशी येऊन थांबला.

"ह्ये त्यांनी बांधलं हुतं," ती म्हणाली. "धोतर फाडून."

"हो."

"रोज संध्याकाळी येत. मी दिवा धरायचे." तिचा अंगठा तिथेच होता. "राखेनं वास जातो, आशेर. राखेनं बोट उगवतं का?"

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"खिडकीतनं समदं दिसतं."

"मग इतकी वर्षं राख, राख म्हणत होतीस ती?"

"तुला बाप हवा हुता," ती म्हणाली. "आंधळा तर आंधळा."

माझ्या हातावरचं तेल तिच्या हाताला लागलं होतं. तिने डोळे मिटले. मला वाटलं ती झोपली. पण जरा वेळाने ती पुन्हा बोलली, नेहमीच्या, घरकामाच्या आवाजात.

"उद्यापासून भांड्यांना राखच घे. माती बोचते."